चार वाजताची तिन्हीसांज

ऑक्टोबर संपता संपता इथे इंग्लंडात हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेली, की मला थेम्सवरचा तो पूल आठवतो. वीसेक वर्षं झाली. सासूबाई पहिल्यांदाच लंडनच्या टोकाला, स्टॅनमोरला आमच्याकडे आल्या होत्या आणि डिसेंबरातल्या एका शनिवारी मी नि माझी लेक त्यांना लंडन दाखवायला घेऊन गेलो. राजवाडा झाला, घड्याळाचा मनोरा झाला. सासूबाई शालीत नाक खुपसून नुसतं "हं" म्हणायच्या. मी मनातून खट्टू. पुलावर आलो तर बोचरा वारा, शिशासारखं पाणी, आणि बघता बघता अंधारलं. "आई, चला, ट्रेनला गर्दी होईल," असं मी म्हणेपर्यंत दोन्ही काठांवरचे दिवे भराभर लागले आणि खालची अख्खी नदी सोन्याची झाली. सासूबाई थबकल्या. त्यांनी हातमोजे काढले, हात जोडले आणि घरी देवापुढे दिवा लावल्यावर म्हणतात ते पुटपुटू लागल्या. "आजी, पण अजून फोरच वाजला!" लेक म्हणाली. "अगं, एवढ्या दिव्यांना नमस्कार करायचा, तर लवकरच सुरुवात करायला हवी," त्या म्हणाल्या. आता हिवाळ्यात ऑफिसच्या खिडकीबाहेर दिवे लागले, की भर मीटिंगमध्ये माझे हात कीबोर्डवरून उठून जुळतात, आणि कुणी चमकून पाहिलंच तर मी एवढंच सांगते, दिवे लागले.