आत्याने आज माझा पाचपोच काढला

मंडळी, पापनाशमहून तंजावूरला उतरले ती थेट बसस्टँडसमोरच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये शिरले, हे टाइप करायला. अजून धड सुचत नाहीये.

आत्याबरोबर मीनाक्कांना भेटायला गेले होते. त्यांचे यजमान जाऊन आठ दिवस झाले. तासभर बसलो. आत्या काही न बोलता उठली. मीही उठले, चपला घातल्या आणि सवयीने बोलून गेले, "येते हं, अक्का."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या! सुतकाच्या घरातून निघताना 'येते' म्हणू नये, पुन्हा अशाच प्रसंगाला येऊ असा अर्थ होतो, हे आपल्यात शेंबडं पोरही सांगेल.

आत्याने रस्त्यावर येईपर्यंतही धीर धरला नाही. "अय्यो! तुला काही पाचपोच आहे की नाही?"

कित्येक वर्षांनी ऐकला हा शब्द. कुठे काय बोलावं, काय बोलू नये याची समज म्हणजे पाचपोच. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तेवढ्यात मीनाक्कांनी माझा हात घट्ट धरला. "खरंच ये गं. आठ दिवसांत इतकी माणसं आली. येते म्हणालेली तू पहिलीच."



पाचपोच पाळून आपण आजवर किती जणांना असं एकटं टाकून आलो असू?