दोन फडक्यांतली माती

सेकेसाईला रिंदाईचा हेवा वाटायचा, आणि तोही कशाचा, तर मुलाला पुरल्या जागेच्या मातीचा.

दोघींची मुलं एकाच पहाटे हद्द ओलांडून मोझांबिकात गेली होती, इथल्या गोऱ्यांच्या सरकारशी लढायला. दुसऱ्या वर्षी त्या सरकारची विमानं तिथवर पोचली. तळावर सकाळची हजेरी चालू होती. दोघांपैकी कुणीच परतलं नाही. लढाई संपली, झेंडा बदलला, तेव्हा रिंदाईच्या टोगारेपीचा एक सोबती माती घेऊन आला. सेकेसाईचा मुफारो त्याला ठाऊकसुद्धा नव्हता.

माती असली की मेलेल्याला विधीनं घरी आणता येतं, नाहीतर तो रानोमाळ फिरत राहतो. विधीला नाचणीची दारू लागते. ती पाळी गेलेल्या बायकांनी सात दिवस खपून करायची, आणि गावात सेकेसाईसारखा हात कुणाचाच नव्हता.

"मुफारोच्या आई, तूच कर गं," रिंदाई म्हणाली. "तुझ्या हातची म्हटल्यावर माझा पोरगा धावत येईल."

"येईल की. त्याला माती मिळालीय."

"असं तोडून का बोलतेस?"

"तोडून कुठं? नाचणी भिजत घाल जा."

पाच दिवस तिनं मन लावून केलं. मोड वाळवले, दळले, पेज शिजवली. सहाव्या दिवशी रिंदाई माती ठेवलेलं गाडगं अंगणात घेऊन, लेकराचं तोंड पुसावं तसं पुसत बसली. सेकेसाईनं तिच्याकडे पाठ केली. पेज हाताला सोसेल इतकी निवल्यावरच मोडाचं पीठ घालायचं, हे तिला चाळीस वर्षं ठाऊक होतं. वाफा निघत असतानाच तिनं टोपलीभर पीठ ओतलं आणि ढवळलं.

दारू आंबलीच नाही. ना बुडबुडा, ना वास. घरचे थोरले म्हणाले, "पोराला यायचं नाही. कशाचा तरी राग आहे." पाहुणे परत गेले.

दुसऱ्या दिवशी रिंदाई आली, डोळे सुजलेले.

"माझ्यावरच राग आहे त्याचा. तो सोबती म्हणाला होता, सगळ्यांना एकाच खड्ड्यात पुरलं म्हणून. त्या मातीत तुझा मुफारोही असेल. मी बोलले नाही."

"का?"

"तू अर्धी मागितली असतीस."

सेकेसाईला तिच्या झिंज्या धराव्याशा वाटल्या. मग स्वतःचीच लाज वाटली.

"पोराला बोल लावू नकोस," ती म्हणाली. "पेज गरम होती. मला कळत होतं."

रिंदाई बघतच राहिली. "चांडाळणी!"

"आणि तू गं? तू मोठी पुण्यवान?"

रिंदाई उठून दाराशी गेली आणि तिथंच थांबली.

"नाचणी आणते," शेवटी रिंदाई म्हणाली. "पण ह्या वेळी पेजेत बोट मी घालून बघणार."

"बघ. आधी माती आण."

रिंदाईनं गाडगं आणलं, दोन फडकी पसरली आणि मुठीमुठीनं माती वाटली. सेकेसाई बघत होतीच, कुणाच्या फडक्यात जास्त पडते ते.