रास्ता रोकोची हजेरी

हजेरीची कल्पना माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुणावर चिडलो तरी खरा राग कुणावर आहे ते तुम्हाला ठाऊक असेल.

करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी होतो. तळोज्यातला आमचा कारखाना बंद पडला आणि मी घरी बसलो. एकोणीस वर्षं क्वालिटी तपासण्यात घालवलेला माणूस. घरात रिकामा बसलो तर बायकोच्या पोळ्यांची जाडी मोजायला लागेन अशी तिला भीती होती. "तिकडे लोकांना छळा, मला नको," असं म्हणून तिनेच मला कमिटीवर ढकललं.

पाणी आधी दिवसाआड यायचं, मग दोन दिवसांनी, मग आलं तर आलं. टँकरचा खर्च मेंटेनन्सवर चढला. कुणाचे फ्लॅटचे हप्ते थकलेले, कुणाचा पगार अर्ध्यावर आलेला, पण लिफ्टमध्ये भेटलं की सगळे 'मजेत'. आम्ही मध्यमवर्गीय लोक बुडतानासुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून बुडतो.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची भाषा मात्र बदलली होती. ज्या ग्रुपवर सकाळी फुलं आणि सुविचार यायचे, तिथे आता शिव्या यायला लागल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्या काकांनी एक दिवस शेजारच्या कुठल्याशा देशातला व्हिडिओ टाकला. मंत्र्याच्या बंगल्यात घुसलेली पोरं त्याच्या पलंगावर लोळत होती. खाली काकांनी लिहिलं होतं, 'आपल्याकडेही हेच व्हायला पाहिजे.' या काकांनी आयुष्यात कधी रांग मोडली नसेल. त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. खोटं कशाला बोलू, एक अंगठा माझाही होता. दाबताना बरं वाटलं, मग फोन उपडा ठेवला.

शेवटी पाण्यासाठी गावातल्या लोकांबरोबर रास्ता रोको करायचं ठरलं. आमच्या लोकांची खोड मला पाठ होती. मीटिंगमध्ये सगळे हात वर करणार आणि त्या दिवशी प्रत्येकाच्या घरी पाहुणे येणार. म्हणून मी तक्ता काढला. फ्लॅट नंबर, नाव, मोबाइल, सही. प्रत्येक घरातून एक माणूस आलाच पाहिजे, सही नसेल त्याला टँकरचं पाणी सगळ्यांत शेवटी. तक्ता छान झाला होता. रकाने अगदी सरळ.

त्याच सुमारास माझ्या मुलीची निवड झाली होती. बी.कॉम. होऊन दीड वर्ष ती घरी होती. आता नव्या विमानतळावर काउंटरचं काम, एका एजन्सीमार्फत. फक्त पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी व्हायची होती. आमच्या घरातलं प्रत्येक वाक्य तेव्हा 'तिचं झालं की' असं सुरू व्हायचं. तिचं झालं की बायकोची दाढ. तिचं झालं की माझा चष्मा. तिचं झालं की बँकेतल्या साहेबांचे फोन बंद. हे घर राहणार की जाणार, ते त्या पोरीच्या नोकरीवर ठरणार होतं आणि ते आम्ही तिघंही जाणून होतो.

आंदोलनाच्या आदल्या संध्याकाळी मला रबाळ्याहून इंटरव्ह्यूचा फोन आला. वेळ सकाळी दहाची. बायकोच्या शिकवण्यांची मुलं नेमकी तेव्हाच येत. मी मुलीला म्हटलं, "माझ्याऐवजी तू जा. सही कर, दहा मिनिटं बस आणि ये."

"बाबा, माझं व्हेरिफिकेशन चालू आहे."

"आपण काय दगड मारायला चाललोय? सुशिक्षित माणसं आहोत आपण. आणि सेक्रेटरीच्याच घरची सही नसेल तर लोक काय म्हणतील?"

ती गेली. माझ्या शब्दाबाहेर ती कधी नव्हती, हेच वाईट झालं.

रबाळ्याला एका पोरगेल्या साहेबाने माझं वय विचारलं आणि "कळवतो सर" म्हणून चहा पाजून वाटेला लावलं. दुपारी परतलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. पोलिसांची गाडी आली तशी गावातली मंडळी उठली आणि गल्ल्यांमध्ये पांगली. त्यांनी जमिनीसाठी कितीतरी आंदोलनं केलेली. कधी बसायचं आणि कधी उठायचं हे त्यांना कळत होतं. आमचे लोक शहाण्यासारखे बसून राहिले. पोलीस साहेबांनी विचारलं, तुम्ही कोण? तेव्हा आमच्या खजिनदारांनी मोठ्या अभिमानाने माझा तक्ता पुढे केला. "साहेब, आम्ही जबाबदार नागरिक आहोत. ही बघा सगळ्यांची नावं, नंबर, सह्या." साहेबांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि 'थँक यू' म्हणाले. संध्याकाळपर्यंत यादीतल्या सगळ्यांवर गुन्हा दाखल झाला. जमावबंदी मोडली, रस्ता अडवला.

कोपऱ्यावर भाजी विकणारी गावातली मावशी मला बघून कपाळावर हात मारत म्हणाली, "अवो काका, कागूद कशाला दिला त्यांना? आमी कदी नाव सांगतो काय? इतकं शिकलेलं हाव तुमी!" मला तिचा इतका राग आला की महिनाभर मी भाजी पनवेलहून आणली.

मुलीची पडताळणी अडकली. मग मी ठरवलं, निस्तरतो. रात्रंदिवस तेच डोक्यात. चांगला दोन पानी अर्ज लिहिला. मुलगी निर्दोष आहे. आंदोलनाची योजना माझी. मी इंटरव्ह्यूला गेल्यामुळे मीच तिला माझ्या जागी पाठवले. जी काही कारवाई करायची ती माझ्यावर करावी. खाली ठळक सही, सोबत इंटरव्ह्यूचा मेसेज पुरावा म्हणून जोडला. पोलीस ठाण्यात दिला, पोहोच घेतली.

अर्ज घेणारे हवालदार वयाने माझ्याएवढेच होते, सभ्य होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि आवाज खाली आणला. "काका, यादीवरची सही तिची नव्हेच, असं तुमचा वकील उद्या म्हणू शकला असता. तुम्ही तर ती तिथे होती हे लेखी दिलंत. आणि तुम्ही नव्हतात, याचा पुरावाही दिलात."

मी अर्ज परत मागितला. त्यावर शिक्का पडला होता.

एजन्सीने तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. एजन्सीत चौकशी करून मी घरी येऊन सांगितलं तेव्हा ती रडली नाही. "ठीक आहे बाबा" म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. बायको माझ्याशी चार दिवस बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला कुणीतरी झोडपायला हवं होतं.

कोर्टाच्या तारखांना तिची ओळख यादीतल्या दुसऱ्या पोरांशी झाली. त्यांच्याभोवती एक उगवता पुढारी फिरायचा. "केस तर पडलीच हाय, आता घाबराचं कुनाला?" असं तो सगळ्यांना सांगायचा. त्याच्या सभा होऊ लागल्या. त्यातल्या एका सभेत मी मागे उभा होतो. माझी मुलगी माइकवर बोलत होती आणि समोरची पोरं चेकाळून ओरडत होती. ती काय बोलली ते मला आठवत नाही. तिच्या आवाजातली चीड तेवढी आठवते, कारण ती मीच दिलेली होती.

त्या पुढाऱ्याने काढलेल्या मोर्च्याच्या सकाळी ती चपला घालत होती. ग्रुपवर काय काय चाललंय ते मी वाचलं होतं. या वेळी कुणी बसून राहणार नव्हतं. एकाने तर पेट्रोल भरलेल्या बाटल्यांचा फोटो टाकला होता. मी दारात आडवा उभा राहिलो आणि म्हटलं, "जाऊ नकोस."

"बरं," ती म्हणाली. "नाही जात. मग कुठे जाऊ?"

टोमणा असता तर मी ओरडलो असतो. पण ती खरंच विचारत होती. एक चप्पल पायात, एक हातात, आणि चेहरा माझ्याकडे. मी एखादी जागा सांगितली असती, एखादं ऑफिस, एखादा क्लास, एखादा ओळखीचा माणूस, तर ती गेली असती तिथे. अजूनही ती माझ्या शब्दाबाहेर नव्हती. मी सगळं आठवून पाहिलं. उलव्यापासून तळोज्यापर्यंत मला एकही पत्ता सुचला नाही.

तिने बराच वेळ वाट पाहिली. मग दुसरी चप्पल घातली. मी दारातून बाजूला झालो.