शेवंतीला कोणी बोलावलं

शहाडचा पूल मागे पडला तशी सुमतीबाईंनी चाल वाढवली. शेवंतीला तिच्या मावशीकडे सोडून आम्ही चालत कल्याणला निघालो होतो. मावशीने तिला तोंड वाकडं करूनच आत घेतलं होतं.

बाईंचा डोंबिवलीत टपालाने शिवणवर्ग होता. ही गोष्ट १९८९ची. गावोगावच्या मुली ब्लाऊजचं कागदी कटिंग पाठवायच्या, बाई लाल पेन्सिलीने चूक दाखवून परत करायच्या. मी पाकिटांवर पत्ते लिहायचे. मुली कागदामागे सासरचं दुःखही लिहायच्या. बाई ते वाचायच्या, चष्मा पुसायच्या आणि उत्तर द्यायच्या, 'बाही अर्धा इंच कमी कर.' एवढंच.

मी एकदा बोलले, तर म्हणाल्या, "अगं हेमा, सत्तर मुली आहेत. सगळ्यांबरोबर रडत बसले तर गळे कोण तपासणार?"

मला त्या कोरड्या वाटायच्या.

शेवंतीने लिहिलं होतं, नवरा मारतो. मी देवापुढे दिवा लावताना तिचं नाव घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी बाईंच्या शेऱ्याखाली, त्यांच्याच अक्षरासारखं, लिहून टाकलं, 'कधीही निघून ये. माझं घर तुझंच आहे.' देवानेच सुचवलं असं मला वाटलं होतं.

महिन्याभरात ती खरोखरच ट्रंक घेऊन दारात उभी राहिली. बाईंची एकच खोली, त्यात मिस्टर अंथरुणाला खिळलेले. शेवंती म्हणाली, "बाई, तुम्हीच बोलावलेलं ना?" बाई म्हणाल्या, "हो गं, ये." चार दिवस बाई स्वतः स्वयंपाकाच्या ओट्याखाली झोपल्या. मी तिथेच पत्ते लिहीत बसायचे, पण मान वर करायची हिंमत झाली नाही.

मावशीकडून परतताना रस्त्यात शेवटी मी म्हटलं, "बाई, ते मी लिहिलं होतं."

"माहीत आहे. तुला चहा विचारायला मला वर्ष लागलं, मी कोणाला घर देतेय?"

हसू येण्यासारखं होतं, पण मला रडू आलं.

"मग तिच्यासमोर बोलला का नाहीत?"

"काय सांगू तिला? की तुला कोणी बोलावलंच नव्हतं?"

कल्याण स्टेशन दिसायला लागलं तशा बाई थांबल्या.

"हेमा, एक कर. तिला पत्र लिही. तुझ्या अक्षरात, तुझ्या नावाने, खरं काय ते. आणि घर द्यायचं असेल, तर खाली पत्ता तुझा घाल."