सतरा पट्ट्या

सरांच्या घरून काकूंचा फोन आला तेव्हा मी दुकानात विहिरीतल्या एका पाणबुडी मोटारीचं वायंडिंग भरत होतो. "सर गेले रे बापा," एवढंच बोलल्या. हातातली तार तशीच राहिली... आज महिना झाला. मी बोलणारा माणूस नाही. पण एक गोष्ट आता सांगितलीच पाहिजे.

सर आमच्या कामरगावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर परवाना काढून त्यांनी हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेनं दूरदूरच्या लोकांशी बोलायचा, ट्रान्समीटर स्वतः बांधायला घेतला, तोही जुन्या काचेच्या व्हॉल्व्हांचा. त्या व्हॉल्व्हांना सहाशेच्या घरात व्होल्ट लागायचे, आणि तसा ट्रान्सफॉर्मर कुठं मिळेना. म्हणून सरांनी गणित मांडलं आणि मला भरायला दिला. तारेच्या दर दोन थरांमध्ये कागद घाल, नाहीतर थर एकमेकांत जळतील, असं बजावलं. पण रब्बीचे दिवस, दारात मोटारींची रांग. मी घाईत कागद न घालता तार नुसतीच भरत सुटलो.

"कागद टाकला ना रे?"

"टाकला, सर."

पहिल्याच दिवशी तो जळाला. धूर ओसरल्यावर सर म्हणाले, "माहंच गणित चुकलं असन." मी होकाराची मान हलवली. ती हललेली मान अकरा वर्षं टोचतेय.

मग ते बदली ट्रान्सफॉर्मर शोधत अकोल्यापर्यंत भंगारची दुकानं पालथी घालत राहिले. शेवटी बंद पडलेल्या इन्व्हर्टरांतले दोन आणले आणि पाठीला पाठ लावून जोडले. "एक व्होल्टचा जिना उतरते, दुसरा चढते. उरलेले व्होल्ट डायोड वाढवते," म्हणाले. त्या दुपारी व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे फुलले, आणि खरखरीतून दूर भोपाळचा कुणी सरांना नमस्कार म्हणाला... मी भिंतीला टेकून नुसता बघत राहिलो. "असा काहून पाह्यतं? तुह्याच धंद्यातलं हाय हे!" सर हसले.

सर गेल्यावर चौदाव्या दिवशी काकूंनी एक डबा दिला. "तुह्यासाठी ठेवला होता त्यायनं." आत तोच जळका ट्रान्सफॉर्मर, आणि दोऱ्यानं बांधलेल्या, नेमक्या रुंदीच्या कागदी पट्ट्या. कडा पिवळ्या पडलेल्या. मोजल्या, सतरा. मी अठरा थर भरले होते. त्यांच्यामध्ये कागद सतराच बसतात. हे मला ठाऊक होतं, आणि ज्यांनी ती जळकी तार थराथरानं उलगडून पाहिली, त्या सरांना.

काल तो ट्रान्सफॉर्मर पुन्हा भरून सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"आता कोण चालवन रे?" काकूंनी विचारलं.

"काकू, यात कागद टाकला मी."

त्यांना काय कळलं, देव जाणे. "बरं केलं बापा," म्हणाल्या, आणि पदरानं धूळ पुसून ट्रान्समीटरशेजारी त्याला जागा करून दिली.