मामाचं केशर

“आई! हत्तीचा सिनेमा! रविवारी दुपारी, केबलवर!”

चपला न काढताच उदयदादा स्वयंपाकघरात शिरला. साल शहाण्णव. तेलुगू मुलखात, विद्यानगरातल्या आमच्या घरी केबल येऊन जेमतेम महिना झाला होता. तीस वर्षांचा, बँकेतला साहेब माणूस, आणि “जाहिरातीत तोच हत्ती होता गं, एका सुळ्याचा!” म्हणून नाचत होता.

मीही नाचले. आमचाच तो सिनेमा! लहानपणी नारायणगुड्याच्या थिएटरात बायकांच्या बाकांवर बसून तीनदा पाहिलेला. होता तेलुगू, त्यामुळे आम्हाला ओ की ठो कळायचं नाही. आई कानाशी मराठीत सांगायची. मिशीवाला आला की म्हणायची, “हा मामा. बहिणीला शोधत आलाय.” आम्हाला सख्खा मामा नव्हता; मग हाच आमचा. मामा भाचीच्या दुधात केशर टाकतो, भाची गाढ झोपते, हत्ती धावत येतो. दुधाला तोंड न लावणारा दादा त्या दिवसापासून ‘मामाचं केशर’ घालून गटागटा प्यायला लागला. केशर कसलं, चिमूटभर हळद!

दादा बाहेर जाताच आईनं माझं मनगट धरलं.

“प्रणिता, मला तेव्हा तेलुगू कुठं येत होतं? लातूरहून यांची इकडे बदली होऊन चार महिने झाले होते. सगळं मनानंच सांगितलं. मामा खरा कोण आहे, देव जाणे!”

“आई! दादाला आता फाडफाड तेलुगू येतं!”

“तेच तर. त्याचा मामा जायचा गं. केबलवाल्याला सांगू का, लाइन तोड म्हणून?”

लाइन काही तुटली नाही. रविवारी शेजारच्या पद्मावतीअक्काही चकल्यांचा डबा घेऊन हजर. “क्या जी कुसुमताई, इत्ते चुप?” आई कसनुसं हसली. दादाच्या मांडीवर त्याची चार वर्षांची ईशा, तिच्या हातात दुधाचा पेला. घरात मराठी, शाळेत इंग्रजी. तेलुगू तिच्या गावीही नव्हतं.

हत्ती आला, आम्ही टाळ्या पिटल्या. मिशीवाला आला, दादानं शिट्टी मारली. मग ते दूध. मिशीवाल्यानं कमरेची पुडी सोडली, पेल्यात झटकली आणि दात विचकून काहीतरी पुटपुटला.

“अय्यो, विषम!” पद्मावतीअक्का तेलुगूत ओरडल्या. विषम म्हणजे विष!

दादानं हळूच मान वळवून आईकडे पाहिलं. आईच्या तोंडात पदराचा बोळा.

ईशाचा पेला ओठाशीच थांबला होता. “पप्पा, मामानं दुधात काय टाकलं?”

दादा पेल्याकडे बघत राहिला, मग पडद्याकडे. आणि एकदम खणखणीत आवाजात म्हणाला, “केशर! मामानं केशर टाकलं!”

पडद्यावर पोरगी कोसळली.

“ती पडली?”

“पडली नै,” पद्मावतीअक्कांनी आपल्या मोडक्या मराठीत ठासून सांगितलं, “झोपली!”

“मलापण केशर,” ईशानं पेला पुढे केला.

“आई, हळद?”

“तूच आण,” आई टीव्हीपुढे सरकून बसली. “आणि उदय, आवाज वाढव रे. तेवीस वर्षांनी कळतंय मला, हा मेला आहे तरी कोण!”