घरातली ओव्हर

आई जाऊन आता वर्ष होईल. तिच्याबद्दल लिहायला बसले की ती जिथं नर्स होती ते हॉस्पिटल मला आठवत नाही. ते मी फारसं पाहिलंच नव्हतं. आठवतं ते शाहूपुरीतल्या आमच्या एका खोलीचं दार, दारात चपला काढणारी आई आणि तिचा प्रश्न : "हं, दे ओव्हर."

ड्यूटी बदलताना जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला एकेका पेशंटची हकिकत सांगते. त्याला ओव्हर देणं म्हणतात. आईनं ती पद्धत घरी आणली, कारण ती नसताना घर माझ्याच ताब्यात असायचं आणि मी नऊ वर्षांची होते.

वडील अपघातात गेले तेव्हा मी दोन वर्षांची होते, आई एकवीसची. मला हुपरीला आपल्या थोरल्या भावाकडे ठेवून ती नर्सिंग शिकली. मामाच्या घरात चांदीच्या पैंजणांचं काम चालायचं. सुट्टी मिळाली की आई एसटीनं यायची, माझं डोकं विंचरून घट्ट वेण्या घालायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. त्या वेण्या मी दोन-तीन दिवस सोडू द्यायची नाही. नोकरीत जरा स्थिर झाल्यावर, मी चौथीत गेले त्या वर्षी, तिनं खोली भाड्यानं घेतली. मामानं मला सोडलं, पण अटीवर.

"दिवाळीपर्यंत बघू. पोरीची आबाळ झाली तर मी घिऊन जाणार. मग रडायचं न्हाई."

मामा वाईट नव्हता. हुपरीत माझे लाडच होत होते. पण मला आईजवळ राहायचं होतं, आणि दिवाळी फार लांब नव्हती.

आईची सकाळची ड्यूटी असली की ती सातच्या आधीच निघायची. मग दूध आलं की मी तापवायचं, गॅस बंद करायचा, डबा घ्यायचा, कुलूप लावून किल्ली खाली घरमालकीण आजींकडे द्यायची आणि शाळेत जायचं. संध्याकाळी आई दारात उभी राहायची आणि मी सुरू करायची : "एक नंबर, दूध. तापवलं, उतू गेलं नाही. दोन नंबर, गॅस. बंद. तीन नंबर, डबा. अर्धी पोळी शिल्लक."

"चार नंबर?"

चार नंबर मी स्वतः. "ठीक आहे. मराठीत शाबासकी, गणितात नाही."

आजी जिन्यातून ऐकत असायच्या. "काय गं बाई, घरात माणसं दोन आणि पेशंट किती?"

ऑक्टोबरात सहामाही परीक्षा संपून सुट्टी लागली होती. एका सकाळी मी पुस्तक वाचत दुधाजवळ उभी होते. दूध वर आलं, मी घाईनं सांडशीनं पातेलं धरलं आणि ते कलंडलं. डाव्या मनगटावर कढत दूध सांडलं. मी आजींना हाक मारली नाही. मनगटाला टूथपेस्ट थापली, फरशी पुसली आणि लांब बाह्यांचा स्वेटर घातला.

संध्याकाळी आई आली. मी ओव्हर दिली. "चार नंबर, ठीक आहे."

आईनं पर्स खुंटीला लावली. मग माझ्याकडे वळली. "ऑक्टोबरात स्वेटर?"

तिनं माझी बाही वर केली. मनगट नळाखाली धरलं, वाळलेली पेस्ट हळूहळू सोडवली आणि पांढरं मलम लावलं. सगळं झाल्यावर म्हणाली, "भाजलं त्याचं काही नाही. पण तू ठीक आहे म्हणालीस. पुढची नर्स तेच खरं धरून चालते. मग पेशंटचं काय होतं?"

मला पेशंटचं नाही, मामाचं पडलं होतं. रविवारी तो येणार होता. "त्याला नको सांगूस," मी म्हटलं.

"सांगणार. ओव्हर अर्धी देत नाहीत."

रविवारी मामा आला, मामीनं दिलेल्या भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन. तो पाणी प्यायला आणि आई त्याच्यासमोर उभी राहिली, हात पुढे बांधून, मेट्रनपुढे उभं राहावं तशी.

"दादा, पोरीचं मनगट भाजलंय. दूध उतरवताना. मी ड्यूटीवर होते. तिनं माझ्यापासून लपवलं. फोड आता बसलाय, डाग राहणार नाही."

मामानं मला जवळ बोलावलं. "का लपवलंस?"

"तुम्ही मला न्याल म्हणून."

त्यानं माझं मनगट हातात घेऊन वळवून पाहिलं. मग आईला विचारलं, "कसलं मलम हाय?"

"त्यात चांदी असते. भाजल्यावर तेच लावतात."

"चांदी?" त्यानं ट्यूब उजेडात धरून उलटसुलट पाहिली. "आमी चांदीपायी भाजून घेतोय, आन् तुमी चांदीनंच बरं करताय व्हय?" मग त्यानं स्वतःची बोटं माझ्यापुढे पसरली. त्यांवर डाग देताना, म्हणजे चांदीचे सांधे तापवून जोडताना, पोळल्याच्या जुन्या-नव्या खुणा होत्या. "ह्यातलं एक बी तुझ्या मामीला सांगितलेलं न्हाई. जेवताना हात मागं धरतोय."

"डाव्या हातानं जेवता?" मी विचारलं. आई हसली. मग मामाही हसला.

जेवून तो बाहेर पडला. मला वाटलं, गाडीला गेला. अर्ध्या तासानं बाजारातून परत आला, हातात लाकडी मुठीची जड सांडशी. "ती तुझी सांडशी पोरीच्या हातात बसत न्हाई," आईला म्हणाला. "दिवाळीला दोघी या. भाऊबीज झाली की दोघी परत जावा."

आईनं मान हलवली आणि भांडी घासायला बसली. बराच वेळ एकच ताट घासत होती.

पुढे ती त्याच हॉस्पिटलात सिस्टर इनचार्ज झाली. मी कॉलेजसाठी पुण्याला गेले तेव्हा ओव्हर फोनवर सुरू झाली, आणि तिलाही द्यावी लागायची. तिच्या गुडघ्याचं दुखणं मला तसंच कळलं.

सांडशी माझ्याकडे आहे. मूठ एकदा बदलून घेतली. सकाळी दूध उतरवते, झाकण ठेवते आणि सवयीनं म्हणते : एक नंबर, दूध. तापवलं. चार नंबरपर्यंत यायला हल्ली थोडा वेळ लागतो, पण जे असेल ते खरं सांगते.